मागच्या पानावरचं थर्मो: सरांची वाक्यं वहीत कशी पकडायची

गेल्या महिन्यात माळा आवरताना माझी एसवाय बीएस्सीची थर्मोडायनॅमिक्सची, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राची, वही सापडली. पुढून उघडली तर काही खास नाही, अर्धवट डेरिव्हेशन्स, कार्नो सायकलची, म्हणजे आदर्श इंजिनाच्या फेऱ्याची, आकृती तीनदा काढलेली आणि तिन्हींत बाण वेगवेगळ्या दिशेला. पण मागून उघडली की पानंच्या पानं गच्च भरलेली, सगळी सरांची वाक्यं. माझी भाची यंदाच कॉलेजला लागलीये, ती शेजारी बसून वाचायला लागली, हसून हसून तिला ठसका लागला आणि मग म्हणाली मावशी मलापण अशी वही करायचीये, कशी करू सांग. तिला तेव्हा जे सांगितलं ते चहा गाळता गाळता सांगितलं, अर्धं राहिलं, म्हणून आता नीट लिहून काढतेय, नीट म्हणजे माझ्यापुरतं नीट.

आधी सर कोण ते सांगते नाहीतर पुढचं कळायचं नाही. नाव घालत नाही, त्यांना आवडणार नाही. दांडिया बाजारातले, आमच्यासारखेच बडोद्याचे मराठी, जुनी स्कूटर, शर्टाचा उजवा खिसा कायम खडूने पांढरा. गुजराती मुलं त्यांना साहेब म्हणायची, आम्ही सर. शिकवायचे इंग्रजीत, विनोद करायचे गुजरातीत आणि रागवायचे मराठीत, त्यामुळे त्यांच्या तोंडून मराठी आलं की वर्गातले आम्ही पाच-सहा मराठी आपोआप ताठ बसायचो, बाकीच्यांना कळायचं पण नाही काय झालं ते.

तर पहिलं काम, काय टिपायचं ते ठरवणं. सगळं टिपायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल. जो जोक सर दरवर्षी प्रत्येक बॅचला सांगतात तो सोडा, तो सीनिअर्सकडून आधीच कळलेला असतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारे पण सोडा. टिपायचं ते वाक्य, जे त्या दिवशी, त्या वर्गात, त्या फळ्यासमोरच सुचू शकलं असतं. माझी कसोटी सोपी आहे, वाक्यातून विषय काढून टाकला तर विनोद उरतो का? उरत असेल तर तो कुठेही मिळेल. विषय काढल्यावर विनोदच मरत असेल तर लगेच लिहून घ्या.

उदाहरण देते. झीरोथ लॉ शिकवत होते. ज्यांनी फिजिक्स सोडून दिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात, दोन वस्तू प्रत्येकी तिसऱ्या वस्तूबरोबर थर्मल इक्विलिब्रियममध्ये, म्हणजे एकाच तापमानाला, असतील तर त्या एकमेकींबरोबरही असतात, थर्मामीटर चालतो तो याच जोरावर. आता गंमत अशी की पहिला आणि दुसरा नियम एकोणिसाव्या शतकातच ठरलेले होते, तिसरा पण नंतर आला, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की अरे सगळ्यांच्या आधीचा नियम तर लिहिलाच नाही, मग १९३० च्या दशकात राल्फ फाउलर या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला झीरोथ हे नाव दिलं. सर हे सांगत होते आणि तेवढ्यात दारातून दोघं उशिरा आले आणि गुपचूप मागे निघाले. सर वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "हा नियम सगळ्यात शेवटी आला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसला. काही लोक शेवटी येतात आणि शेवटच्याच बाकावर बसतात, म्हणून त्यांच्या नावाचा नियम होत नाही." यातलं फिजिक्स काढा, काय राहिलं? उशिरा आलेल्या पोरांना मारलेला एक टोमणा. फिजिक्स राहू दिलं तर मला आज इतक्या वर्षांनी झोपेतून उठवून विचारा, झीरोथ लॉ कधी आला ते सांगते.

आता पकडायचं कसं. वर्गात अख्खं वाक्य लिहायच्या फंदात पडू नका. तुम्ही मान खाली घालून लिहिताय तोवर सर पुढचं वाक्य टाकतात आणि ते पहिल्याहून भारी असतं, हे माझ्या बाबतीत निदान दहा वेळा झालंय. फक्त एक आकडा म्हणजे हूक लिहायचा, दोन-तीन शब्द, समासात, पेन्सिलीने. माझ्या समासांत असलं काय काय लिहिलेलं आहे बघा: "सीटबेल्ट डी", "तरी काढ", "मगर तडको". बास. मग लेक्चर संपलं की पुढच्या तासाच्या आत मागच्या पानावर पूर्ण उतरवायचं. तासाच्या आत म्हणजे तासाच्याच आत. संध्याकाळी घरी जाऊन लिहीन म्हटलं की अर्थ आठवतो पण शब्द गेलेले असतात, आणि विनोदात अर्थाला कोण विचारतो, सगळा खेळ शब्दांचा आणि ते कुठल्या क्रमाने पडले त्याचा. आम्ही कॉलेजबाहेरच्या चहाच्या लारीवर उभं राहून लिहायचो, एक जण सांगायचा, मी लिहायचे, तिसरी चहाचे पैसे द्यायची (तिची अजून तक्रार आहे).

"सीटबेल्ट डी" काय ते सांगते कारण ते माझं सगळ्यात लाडकं आहे. थर्मोमध्ये पहिला नियम, म्हणजे ऊर्जा नाहीशी होत नाही, नुसती रूप बदलते, तो लिहिताना हीटच्या डीक्यूमधल्या (डीक्यू म्हणजे थोडीशी उष्णता) डीच्या मानेवर एक आडवी रेघ मारतात. कारण उष्णता आणि काम या गोष्टी वस्तूत साठलेल्या नसतात, त्या जाता-येता मोजायच्या असतात, किती ते तुम्ही कुठल्या रस्त्याने गेलात त्यावर ठरतं. इंटर्नल एनर्जीचं, म्हणजे वस्तूच्या आतल्या ऊर्जेचं, तसं नाही, ती फक्त सुरुवात आणि शेवट बघते, म्हणून तिचा डी साधा. आमच्या वर्गात निम्मे लोक ती रेघ विसरायचे. सरांनी एकदा फळ्यावर मोठा डी काढला, त्यावर रेघ मारली, मागे सरकून बघितलं आणि म्हणाले, "याने सीटबेल्ट लावलाय. कारण हा रस्त्यावर आहे. साधा डी घरी पोचला, त्याला काय गरज." त्यानंतर पेपरात ती रेघ कोणी विसरलं नाही, निदान मी तरी नाही.

आता या सगळ्या लिखाणातली खरी गोष्ट. बाकीचं विसरलात तरी चालेल.

वाक्य एकटं लिहायचं नाही. वाक्याच्या आधी काय चाललं होतं ते लिहायचं.

हे मला उशिरा कळलं. वहीच्या पहिल्या तीन-चार पानांवर मी नुसती वाक्यं लिहीत सुटले होते, तारीख आणि वाक्य, पुढे तीन उद्गारचिन्हं. त्यातली एक नोंद जशीच्या तशी देते:

१४ जुलै. सर: "आणि तिसरा माणूस कुठाय?" खूप हसलो!!!

बस. एवढंच आहे. कुठला तिसरा माणूस? पहिले दोन कोण होते? फळ्यावर काय होतं? काहीही आठवत नाही. आमच्या जुन्या ग्रुपवर टाकलं तर एकाचं म्हणणं प्रॅक्टिकलला तिघांचा ग्रुप असायचा त्यातला एक गायब होता त्याबद्दल असणार, दुसरी म्हणते छे, ते झीरोथ लॉमधल्या तिसऱ्या वस्तूबद्दल होतं, तिसरा म्हणाला सर असं काही बोललेच नव्हते, तू स्वप्नात ऐकलंस. अर्धा तास भांडलो. हसलो होतो हे नक्की, कारण तीन उद्गारचिन्हं आहेत. कशाला हसलो ते गेलं ते गेलं.

आता त्याच वहीतली सप्टेंबरमधली नोंद बघा, तोवर मी शहाणी झाले होते. ही पण जशी लिहिली तशीच (मांडवी म्हणजे बडोद्यातला जुना, गर्दीचा चौक):

"नवरात्र, चौथा दिवस. पहिलं लेक्चर, निम्मा वर्ग पेंगतोय, काल सगळेच गरब्याला. फळ्यावर पिस्टन, त्याच्यावर वाळूचा एकेक कण ठेवत जायचा म्हणजे प्रोसेस इतकी हळू होते की गॅस प्रत्येक क्षणी इक्विलिब्रियममध्ये, क्वासी-स्टॅटिक. मागून एकीने विचारलं सर इतकं हळू खरोखर काही होतं का. सर डस्टर टेबलावर ठेवून, खिडकीबाहेर बघत: मांडवी. नवरात्र. रात्री नऊ. स्कूटर. (थांबले. आधी पुढची रांग हसली, मग मागची.) मग: प्रत्येक क्षणाला तुम्ही आजूबाजूच्या पब्लिकबरोबर इक्विलिब्रियममध्ये असता. हे क्वासी-स्टॅटिक. तोच मुलगा म्हणाला म्हणजे हे रिव्हर्सिबल पण झालं ना सर? सर: स्कूटर मागे घेऊन दाखव."

बघा, यात काय काय आलंय. दिवस, वेळ, वर्गाची अवस्था, फळ्यावरची आकृती, प्रश्न कोणी विचारला, सरांचे हात कुठे होते, कुठे थांबले, हसू कुठून सुरू झालं. मी खाली "तोच मुलगा" लिहिलंय पण वर "एकीने" लिहिलंय, म्हणजे घाईत चूक झाली, ती तशीच ठेवलीये. आणि शेवटचं वाक्य तर फिजिक्स म्हणूनपण एकदम बरोबर आहे, प्रोसेस हळू असली म्हणजे उलटी फिरवता येतेच असं नाही, घर्षण असलं की क्वासी-स्टॅटिक असूनही रिव्हर्सिबल नसते, आणि नवरात्रातल्या मांडवीइतकं घर्षण अख्ख्या बडोद्यात दुसरीकडे कुठे मिळणार. ज्याने मांडवीच्या दरवाज्यापाशी गर्दीत स्कूटर अडकवलीये त्याला ही व्याख्या पाठ करावी लागत नाही.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ मध्ये कॅलटेक या तिथल्या विद्यापीठात जी लेक्चर्स दिली ना, ती टेप तर केलीच होती पण फळ्याचे फोटोही काढले होते. मला हे वाचलं तेव्हा इतकं बरं वाटलं, की चला, नुसता आवाज पुरत नाही हे त्यांनापण माहीत होतं. तुमच्याकडे फोन आहे, लेक्चर संपल्यावर सर बाहेर गेले की फळ्याचा एक फोटो काढून ठेवा. पुसायच्या आत.

रेकॉर्डिंगचं मात्र जपून. आमच्या बाकावरच्या एका मुलाने एकदा सरांना न विचारता फोन डस्टरमागे ठेवून अख्खं लेक्चर टेप केलं. सरांच्या ते लक्षात आलं. आले, फोनकडे बघितलं, काही बोलले नाहीत, आणि त्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं अतिशय शुद्ध इंग्रजीत एन्ट्रॉपी (थोडक्यात, पसारा मोजणारी राशी) शिकवली, एक विनोद नाही, एक गुजराती शब्द नाही. शेवटी फोन उचलून त्या मुलाच्या हातात दिला आणि मराठीत म्हणाले, "घ्या, ठेवा जपून." रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात मुख्यतः पंखा आहे. विचारून करा नाहीतर करू नका, आणि विचारलंत तरी माणूस टेपसमोर वेगळाच बोलतो हे धरून चाला.

भाषेचं आता. हे बडोद्यातल्या, इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या लोकांना वेगळं सांगायला नको पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, वाक्य ज्या भाषेत पडलं त्याच भाषेत लिहायचं, घरी नेऊन मराठी करायचं नाही. विश्वामित्री नदी शहराच्या मधून जाते आणि तिच्यात खऱ्याखुऱ्या मगरी आहेत, हे बाहेरच्यांना सांगितलं की थाप वाटते. थंडीच्या दिवसांत त्या काठावर उन्हात पडलेल्या दिसतात कारण त्यांना अंगातली उष्णता स्वतः तयार करून टिकवता येत नाही, बाहेरून घ्यावी लागते. सर हीट रिझर्व्हॉयर, म्हणजे कितीही उष्णता दिली-घेतली तरी तापमान न बदलणारा साठा, शिकवत होते आणि खिडकीशेजारच्या बाकावर एक जण उन्हात डोकं टेकून आडवा. सर त्याच्यापाशी जाऊन अगदी प्रेमाने, "मगर तडकामां पडी रहे ए आळसु नथी, गरम थाय छे. तुं केम पड्यो छे?" आता याचं मराठी करा, मगर उन्हात पडते ती आळशी नाही, गरम होतेय, तू का पडलायस, वगैरे. जमतं, पण त्यातलं ते "तुं केम पड्यो छे" मधलं लाडीक चिडवणं कुठे गेलं? तसंच दुसरं, सरांनी विचारलं समज्या? सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. तर म्हणाले, "माथुं हलावो छो ए ऑसिलेशन छे, समजण नथी." मी हे भाचीला मराठीत सांगून बघितलं, मान हलवताय ते नुसतं आंदोलन आहे, समजणं नाही, ती कसनुसं हसली, मग गुजरातीत सांगितलं तर पडली.

एक छोटी युक्ती, ज्यांना दोन्ही लिप्या येतात त्यांच्यासाठी. मी घाईत असले की गुजराती लिपीतच लिहायचे, मराठी वाक्य असलं तरी, कारण डोक्यावरची रेघ मारावी लागत नाही, वेळ वाचतो. फोनवर बोलून टाइप करणार असाल तर मराठी कीबोर्डला गुजराती ऐकवू नका, "पड्यो" चं काय काय होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यानंतरची चूक मोठी आहे आणि ती मी स्वतः केलीये, भर स्टेजवर. वाक्य सुधारायचं नाही.

झालं असं. सेवउसळ तुम्हाला माहीत असेल, बडोद्याची खास, वाटाण्याची उसळ, वर शेव, कांद्याची पात आणि लाल तिखटजाळ तरी, ती आपल्या हाताने हवी तेवढी ओतून घ्यायची. इर्रिव्हर्सिबल, म्हणजे उलटी न फिरणारी, प्रोसेस शिकवताना एका मुलीला काही केल्या कळेना. सरांनी विचारलं सेवउसळ खातेस का, ती हो म्हणाली. "तरी घातलीस?" घातली. "आता काढ." एवढंच. ती क्षणभर सरांकडे बघत राहिली आणि मग जो "ओऽऽ" असा आवाज काढला तिने, तो मी आजही कानाने ऐकू शकते.

आता टीवायच्या फेअरवेलला मला सरांबद्दल बोलायला सांगितलं. मी वही काढली, हे निवडलं आणि मला वाटलं की "आता काढ" हे स्टेजवरून फारच छोटं वाटेल, काहीतरी भर घालूया. मग मी सरांच्या तोंडी घातलं की मुलांनो आयुष्यातसुद्धा काही गोष्टी तरीसारख्या असतात, एकदा मिसळल्या की वेगळ्या करता येत नाहीत, आठवणींचं पण तसंच. टाळ्या पडल्या, दोघी-तिघींनी डोळे पुसले. खाली उतरले तर सर वेफर्सची कागदी डिश हातात घेऊन उभे. हळूच मराठीत म्हणाले, "छान बोललीस. पण हे मी बोललो नव्हतो. आयुष्याबद्दल मी काही बोलत नाही, सिलॅबसमध्ये नाही ते."

मराठीत म्हणाले म्हणजे काय ते तुम्हाला आता माहीत आहे.

तेव्हापासून माझा नियम, वाक्य जेवढं होतं तेवढंच. लांबवायचं नाही, गोड करायचं नाही, अर्थ सांगायचा नाही. अडखळले असतील तर अडखळलेले लिहा. आणि जिथे शब्द नक्की आठवत नाहीत तिथे अवतरण चिन्ह न घालता सरळ "असं काहीतरी म्हणाले" लिहा, त्यात कमीपणा नाही.

पडताळून घ्यायचं हे पण आलंच. एकाच वाक्याची तीन जणांकडे तीन रूपं असतात. एकाने हजेरीला स्वतःची आणि मित्राची अशी दोनदा यस सर दिली, दुसऱ्यांदा आवाज बदलून. सर रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, माझ्या वहीप्रमाणे, "आवाज दोन, फेज डिफरन्स शून्य. कोहेरंट सोर्स, उभा राहा." (कोहेरंट म्हणजे ज्यांच्या लहरी एकाच तालात चालतात.) मैत्रिणीच्या मते ते "सोर्स एकच आहे, दोन वाटतोय" असं म्हणाले. आणि खुद्द तो मुलगा, ज्याचं नाव त्या दिवसापासून कोहेरंट पडलं आणि त्याच्या लग्नाच्या अहेराच्या पाकिटांवरही आम्ही तेच लिहिलं, तो म्हणतो सर फक्त "कोहेरंट" एवढंच म्हणाले आणि बाकी आम्ही जोडलं. मी काय केलं, तिन्ही लिहून ठेवली, कोणाचं कुठलं ते नावासकट. आपल्याकडे हे काम तेराव्या शतकात म्हाइंभटांनी करून ठेवलंय, चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला ते ज्यांनी ज्यांनी ऐकलं-पाहिलं त्यांच्याकडे जाऊन विचारत फिरले, त्यातून लीळाचरित्र झालं. आपल्याला निदान पायी हिंडावं लागत नाही, ग्रुपवर टाकलं की झालं. फक्त एक करा, आधी आपली आवृत्ती लिहून तारीख घाला आणि मग ग्रुपवर विचारा, नाहीतर दुसऱ्याचं ऐकून आपलंच बदलतं आणि कळतही नाही.

सरांनी दिलेली माहिती पण तपासा हं, वाक्य तसंच ठेवायचं पण शेजारी खरं काय ते लिहायचं. आमच्या सरांचं बहुतेक बरोबर निघालं. म्हणाले होते, एन्ट्रॉपी हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ क्लॉशियसने १८६५ मध्ये मुद्दाम एनर्जीसारखा दिसेल असा बनवला, "जुळ्यांची नावं सारखी ठेवून आईबाप खूश, हाल मास्तरांचे." मला वाटलं होतं गंमत म्हणून सांगतायत, नंतर वाचलं तर खरंच त्याने मुद्दाम जुळतं नाव ठेवलं होतं. कार्नो सायकलवाल्या कार्नोने आपलं पुस्तक १८२४ मध्ये काढलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता हेही खरं. हे सरांनी थर्मोची एटीकेटी तिसऱ्यांदा देणाऱ्या एका मुलाला सांगितलं होतं, पुढे जोडून, "तुझ्याकडे अजून वेळ आहे, पण फार नाही."

आणि एक नोंद, जिला तारीख घातली म्हणून मी स्वतःची पाठ थोपटते. ८ ऑक्टोबर २००९. आदल्या दिवशी वेंकी रामकृष्णन यांना नोबेल जाहीर झालेलं, ते इथलेच, १९७१ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून फिजिक्समध्ये बीएस्सी झालेले, आणि नोबेल मिळालं केमिस्ट्रीचं. अख्खं शहर नाचत होतं. सर वर्गात आले, खडू घेतला, फळ्यावर तारीख लिहिली, वळले. "फिजिक्स शिकले, बक्षीस केमिस्ट्रीचं. तेव्हा चुकून चुकीच्या लॅबमध्ये शिरलात तर लगेच बाहेर येऊ नका." तारीख नसती तर हे वाक्य नुसतं एक वाक्य राहिलं असतं.

काय लिहायचं नाही तेही सांगते, थोडक्यात. कोणाच्या दिसण्यावर, जातीवर, गावावर, इंग्रजीवर मारलेलं काही. वर्ग हसला म्हणून ते वहीत आलंच पाहिजे असं नाही. सरांच्या तोंडून एकदा एका मुलाच्या इंग्रजी उच्चारांवर एक वाक्य गेलं, सगळे हसले, तो सोडून. मी तेही लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सर तास संपल्यावर त्याच्या बाकापाशी बराच वेळ उभे होते, काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. नंतर कधीतरी मी ब्लेडने तेवढा भाग कापला, वहीच्या त्या पानाला आता एक चौकोनी खिडकी आहे आणि तिच्यातून पुढच्या पानावरचा अर्धा पिस्टन दिसतो. भाचीने विचारलं हे काय, म्हटलं काही नाही, खिडकी.

आता वही झाल्यावर तिचं करायचं काय. नुसती ठेवून दिली तरी चालते, पण ज्यांची वाक्यं आहेत त्यांना एक प्रत द्या असं मला वाटतं. आम्ही सर रिटायर झाले तेव्हा रावपुऱ्यातून मागच्या सगळ्या पानांची झेरॉक्स काढली, स्पायरल बाइंडिंग केलं, वर पारदर्शक प्लास्टिक, आणि चौघं मिळून त्यांच्या घरी गेलो, सोबत पेढे. सरांनी चष्मा लावला, पहिलं पान बघितलं, काही न बोलता बाजूला ठेवलं, चहा आला, मगरींवर गप्पा झाल्या, आम्ही निघालो. मला वाटलं आवडलं नाही बहुतेक.

आठ दिवसांनी सरांचा फोन, येऊन घेऊन जा म्हणून. गेले. स्पायरल जशीच्या तशी, पण आत लाल पेन फिरलेलं. सगळी पानं तपासली होती त्यांनी. मांडवीच्या नोंदीतल्या "एकीने" आणि "तोच मुलगा" भोवती गोल आणि शेजारी प्रश्नचिन्ह. एन्ट्रॉपी कधीच कमी होत नाही असं मी एका ठिकाणी लिहिलं होतं, तिथे समासात "आयसोलेटेड सिस्टीमची!" (म्हणजे बाहेरच्याशी काही देवाणघेवाण नसलेल्या सिस्टीमचीच). सीटबेल्टवाल्या डीला बरोबरची खूण. सेवउसळीपाशी, वहीत खरी नोंदच होती, फेअरवेलवाली नाही, तिथे सरांनी "बरोबर" लिहून खाली बारीक अक्षरात "लिंबू राहिलं" असं लिहिलंय. शेवटच्या पानावर दहापैकी साडेसहा.

साडेतीन मार्क कुठे गेले म्हणून मी परत पहिल्यापासून पानं उलटली. १४ जुलै, "आणि तिसरा माणूस कुठाय?", त्याच्याखाली लाल रेघ, आणि शेजारी सरांच्या अक्षरात, "मलाही आठवत नाही. स्टेप्स दाखवल्या नाहीत. शून्य."